बुधवारचे तेरा फॅक्स

दि. ३१ जुलै, शुक्रवार

चि. छोटीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र घरी न पाठवता तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवीत आहे, आणि तेही फॅक्सने नव्हे, टपालाने. कारण उघड आहे. घरच्या संगणकावर आलेला फॅक्स पडद्यावर सताड उघडा पडतो. तो बाबांच्या आधी तुझ्या हाती लागेल याची हमी नाही, आणि मला जे विचारायचे आहे ते बाबांविषयीच आहे.

बाबांना ऐकू येईनासे झाल्यापासून टेलिफोन त्यांच्या उपयोगाचा राहिला नाही, म्हणून गेल्या वर्षी मी स्वतः येऊन तो संगणक, मॉडेम आणि स्कॅनर मांडून दिला. ते हाताने पत्र लिहितात, काचेवर पालथे घालतात, आणि तीन मिनिटांत त्यांचे अक्षर इथे माझ्या संगणकावर उमटते. वर्षभर हे सुरळीत चालले. सुरळीत म्हणजे बाबांच्या पद्धतीने: कधी सकाळी आठ बावन्नला, कधी दुपारी सव्वातीनला, आणि दोनदा पान उलटे ठेवल्यामुळे संपूर्ण कोरे.

आठ जुलैपासून मात्र चार फॅक्स आले आहेत आणि चारही बुधवारी. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ यांची जी बारीक ओळ येते, तिच्यात चारही वेळा दहा वाजून शून्य मिनिटे आहेत. मी चारही पाने छापून फाइल केली आहेत. शिवाय दहा तारखेला मी त्यांना तीन प्रश्न विचारले होते: गुडघा कसा आहे, नवे श्रवणयंत्र वापरता का, आणि येत्या महिन्यात माझ्याकडे राहायला येणार का. एकाचेही उत्तर नाही. उलट जिन्याच्या कठड्याला रंग दिला, मांजरीला पिल्ले झाली, अशा बातम्या. बाबा प्रश्न टाळणारे नव्हेत. प्रश्न आवडला नाही तर "हे विचारू नये" असे लिहितात; पण लिहितात.

जहाजी मालाची कागदपत्रे तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. खोट्या कागदात चूक असते असे लोकांना वाटते. तसे नाही. खोट्या कागदात चूक नसते, म्हणूनच तो ओळखू येतो.

तुझी वहिनी म्हणते की, वडिलांची पत्रे वेळेवर येतात अशी तक्रार करणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. तिचे म्हणणे नोंदवले आहे. तू मात्र मला सरळ उत्तर दे: बाबांचे काय चालले आहे?

लोभ आहेच, सोबत खुलासाही असावा.

तुझा
दादा

●

दि. ४ ऑगस्ट, मंगळवार

ती. दादास छोटीचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र दुकानात मालकांच्या हाती पडले. पाकिटावर "खाजगी" असे तीन ठिकाणी लिहिलेले पाहून त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले की, घरी सगळे ठीक आहे ना. ठीक आहे, पण भाऊ शंकेखोर आहे, असे सांगितले. ते म्हणाले, त्यावर अजून काच निघालेली नाही.

अरे, माणूस वेळ पाळत नाही म्हणून रागावणारे लोक असतात. तू वेळ पाळली म्हणून रागावतोस! ठरलेल्या वेळी आपोआप फॅक्स पाठवायची सोय बाबांना शिकवली कोणी? तूच ना? शेजारी बसून, पट्टीने पडद्यावर दाखवून. आता ते तसे करतात तर गुरुजींनाच घाम फुटला. बुधवार, दहा वाजता, एकदा लावून टाकले की झाले. आणि प्रश्नांची उत्तरे म्हणशील, तर तुझे प्रश्न उत्तर मागणारे नसतातच, जबानी घेणारे असतात. साक्षीदार गप्प बसला तर नवल काय?

इकडची बातमी एकच आणि ती वाईट. चौकातले औषधवाले आजोबा गुरुवारी गेले. दुकानात उभ्या उभ्या कोसळले, चिठ्ठी हातातच होती. मी जाऊन आले. त्यांच्या मुलीने मला जवळ घेतले आणि म्हणाली, आता रविवारचा बुद्धिबळाचा पट कोण मांडणार. मला रडू आवरेना.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावे, चष्म्याचा नंबर वाढला असेल तर ये. नवऱ्याचा संशय वाढला असेल तर इलाज नाही.

माया आहे तशीच ठेव, आणि जबानी आटोपती घे.

तुझी
छोटी

●

दि. ७ ऑगस्ट, शुक्रवार

चि. छोटीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रात विनोद सात आहेत आणि "बाबा" हा शब्द एकदाच, तोही संगणकाच्या संदर्भात. हे मी प्रथम नमूद करतो.

आता मुद्द्याचे. तुझ्या पत्राप्रमाणे औषधवाले आजोबा गुरुवारी, म्हणजे तीस जुलैला गेले. परवा बुधवारी, पाच ऑगस्टला, ठीक दहा वाजता बाबांचा फॅक्स आला. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवतो: "रविवारी औषधवाल्यांना दोन डावांत हरवले. दुसऱ्या डावानंतर ते रुसून चहा न घेताच गेले. म्हातारपणी माणूस पोरकट होतो." दोन ऑगस्टच्या रविवारी बाबा कोणाशी खेळले, छोटे?

मी पाचही पाने खिडकीच्या काचेवर धरून एकावर एक ठेवली. प्रत्येक पानावर उजव्या समासात, चौथ्या ओळीच्या पातळीवर, स्वल्पविरामाएवढा एक ठिपका आहे. तो स्कॅनरच्या काचेवरचा डाग आहे. जूनच्या पानांवर तो नाही. बाबा नकाशे काढणारे. काच पुसल्याशिवाय तिच्यावर कागद ठेवणार नाहीत. पाच आठवडे एकच डाग एकाच जागी राहत नाही. पाचही पाने एकाच बैठकीत त्या काचेवरून गेलेली आहेत.

म्हणजे पत्रे आधी लिहून ठेवलेली आहेत आणि यंत्र ती दर बुधवारी पाठवते आहे. माणूस मागे नसला तरी ती येत राहतील. 

चार वेळा घरी टेलिफोन केला. चारही वेळा पहिल्याच घंटेला मॉडेमने उचलला आणि कानात शीळ घातली. म्हणून हे लेखी विचारतो. बाबा आजारी आहेत का? त्यांना कुठे ठेवले आहे का? की याहून वाईट काही आहे आणि मला सांगायचे नाही असे तू ठरवले आहेस? मला चुचकारू नकोस. बावीस तारखेच्या शनिवारी मी रजा घेऊन येत आहे.

लोभाबद्दल प्रश्न नाही. प्रश्न फक्त बाबांबद्दल आहे.

दादा

●

दि. १२ ऑगस्ट, बुधवार

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचले. तुला काय काय वाटले असेल ते कळले, म्हणून आधी शपथेवर दोन गोष्टी सांगते. बाबा हयात आहेत आणि बरे आहेत. तुझ्या-माझ्यापेक्षा बरे, रविवारीच दोन जिने चढून गेले. आणि अक्षर त्यांचेच आहे, एकही ओळ माझी नाही. या दोन गोष्टींवर विश्वास ठेव. जास्त विचारू नकोस, निदान इतक्यात.

औषधवाल्यांचे म्हणशील तर बाबांची गफलत झाली असेल. आधीच्या रविवारचे लिहिले असेल. ठिपक्याचे मला माहीत नाही. मी रोज शंभर काचा पुसते, घरी येऊन आणखी एक पुसायचा कंटाळा येतो.

बावीसला येऊ नकोस रे. घरात रंगाचे काम काढले आहे, झोपायला जागा नाही. पुढच्या महिन्यात ये, मीच बोलावते.

रागावलास तरी चालेल, पण लांबूनच रागाव. आशीर्वाद असू दे.

तुझी
छोटी

●

दि. १९ ऑगस्ट, बुधवार

छोटीस,

"बाबा बरे आहेत" असे तू शपथेवर लिहिलेस. "बाबा घरी आहेत" असे लिहिले नाहीस. कागद वाचताना आम्ही असलेल्या ओळींपेक्षा नसलेली ओळ आधी पाहतो. तेवढ्यावर मी बावीसपर्यंत थांबणार होतो. थांबण्याची गरज उरली नाही.

काल मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी माझा मॉडेम वाजू लागला आणि अर्धा तास वाजतच राहिला. सात फॅक्स आले. माथ्यावरच्या ओळीत सातही पानांवर तारीख अठरा ऑक्टोबर. आत बाबांच्या हातच्या तारखा एकोणीस ऑगस्टपासून तीस सप्टेंबरपर्यंत, सात बुधवारांच्या. त्यावरून मला असे समजले की, येत्या सोळा सप्टेंबरला बाबांना सर्दी होणार असून तेवीसला ती पूर्ण बरी होणार आहे. नऊ तारखेला मांजरीचे एक पिल्लू शेजारी दत्तक जाणार आहे. तुझी वहिनी हसू लागली. मीही हसलो असतो, पण तोवर शेवटचे पान छापून झाले होते.

त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे. तू ते वाचले आहेस की नुसते काचेवर पालथे घातलेस, हे मला माहीत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात. ज्या माणसाने आईच्या उशाशी बसून तिचा धीर काढून घेतला, त्या काकाच्या दाराशी बाबा गेले, आणि तू नेऊन पोचवलेस. शिवाय, पुढच्या महिन्याची सर्दी जे लिहू शकतात ते एखाद्याचा आजारही लिहू शकतात. काका खरोखर आजारी आहेत यावर मी कशाच्या आधारावर विश्वास ठेवू? मला वळवून घेण्यासाठी तिघांनी मिळून हे रचले नाही कशावरून? वैद्यकीय कागद असतील तर पाठव. नसतील तर तसे लिही.

बावीसची रजा मी रद्द केली आहे.

दादा

●

(सोबतची नक्कल: फॅक्सचे तेरावे पान)

दि. ३० सप्टेंबर, बुधवार

चि. थोरल्यास अनेक आशीर्वाद.

हे पान तुला मिळाले म्हणजे तेरा बुधवार झाले आणि मी अजून परतलेलो नाही. आधी परतलो असतो तर हे पान रांगेतून काढून टाकून तुला समक्ष सांगितले असते. तेवढा धीर झाला असता की नाही, कोण जाणे.

सहा जुलैपासून मी तुझ्या काकाकडे राहतो. इथे यायला बसने पाच तास लागतात. त्याला कर्करोग झाला आहे. बायको नाही, मूल नाही. पाणी तापवून द्यायला माणूस नाही. जुलैच्या सुरुवातीला एकदा येऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दाखवले, तीन-चार महिने.

तुझी आई आजारी होती तेव्हा तिला काही कळू द्यायचे नाही, असे तू ठरवलेस आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने तिला सांगितले. तीन आठवड्यांत ती गेली आणि तू त्याला उंबरा बंद केलास. मी त्याच्या दाराशी जाणार नाही, असा शब्द तू माझ्याकडून घेतलास. चौदा वर्षे पाळला. आता मोडला. तुझी परवानगी मागितली असती तर तू नाही म्हणाला असतास, आणि तू नाही म्हटल्यावर मी गेलो नसतो. म्हणून मागितली नाही.

मी इथून पत्रे लिहून छोटीकडे पाठवली असती आणि तिने ती तुला फॅक्स केली असती, असेही जमले असते. पण मला दर आठवड्याला खोटे लिहायचे नव्हते. जायच्या आधी दोन दिवस बसून सगळे खोटे एकदमच लिहून टाकले आणि मोकळा झालो. न बांधलेल्या घराचा नकाशा काढणे हाच माझा जन्मभराचा धंदा. मांजरीची पिल्लेसुद्धा बेताने वाटली आहेत. छोटीचा दोष नाही. तिने फक्त पाने काचेवर ठेवली आणि संगणक चालू ठेवला.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. त्याला काही कळू द्यायचे नाही, असे आता मी आणि छोटीने ठरवले आहे. पोटाची सूज आहे, असे सांगतो. तो हो म्हणतो. तेव्हा चुकला तो, की आपण, हे मला पूर्वी पक्के ठाऊक होते. आता नाही.

तुझ्या रागासकट तू माझा आहेस, हे लक्षात असू दे.

बाबा

●

दि. २४ ऑगस्ट, सोमवार
(फॅक्सने)

ती. दादास सा. न. वि. वि.

पहिल्यांदाच तुला फॅक्स करते आहे. आता पडद्यावर काय उघडे पडायचे राहिले आहे?

आधी गुन्ह्याची कबुली. ते शेवटचे पान मी वाचले होते; काचेवर पालथे घातले ते डोळे पुसूनच. तो ठिपका कशाचा ते तू शोधत बस. आणि घड्याळ मीच बिघडवले. "ठीक दहा" या तुझ्या आक्षेपाने माझी झोप उडाली होती. म्हटले, कॉम्प्युटरचे घड्याळ सात मिनिटे मागेपुढे करावे, म्हणजे पुढचा फॅक्स माणसासारखा येईल. मिनिटे हलवायला गेले आणि महिना दोन घरे पुढे सरकला. मला कळलेच नाही. कॉम्प्युटरला वाटले, सातही पत्रांची वेळ उलटून गेली. त्याने बिचाऱ्याने एका दमात सगळी पाठवून दिली. मी स्वयंपाकघरात होते. मॉडेमचे किरकिरणे थांबेना म्हणून बाहेर आले तो पडद्यावर तेराव्या पानाची पट्टी शेवटाला पोचत होती. मी वायर ओढली, पण उशीर झाला होता. तू शंका घेतली नसतीस तर मी घड्याळाला हात लावला नसता, आणि तुला तीस सप्टेंबरपर्यंत काही कळले नसते. तुझ्या शंकेने स्वतःचेच खरे करून घेतले.

पण दादा, शनिवारी तुझे पत्र आले आणि मला खरोखर राग आला. आम्ही तिघांनी रचले? कशासाठी? तू येऊन काय देणार आहेस आम्हाला, सही-शिक्का?

तुला कागद हवे होते. काल रविवारी मी काकांकडे गेले. ते झोपलेत असे पाहून कपाटावरचे तपासण्यांचे पाकीट काढत होते. ते झोपलेले नव्हते; बाबांना दाखवायला आणलेले तुझे पत्र त्यांनी मघाशीच वाचले होते. पडल्या पडल्या म्हणाले की, चौदा वर्षांनी पुतण्याने माझी काही तरी वस्तू मागितली, ती मलाच दे, मी पाठवतो. मी बाबांकडे पाहिले. बाबांना ऐकू आले नव्हते, पण पाकीट कोणाच्या हातात गेले ते दिसले. ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

काकांनी स्वतः पत्र लिहिले आणि अहवालाबरोबर मला दिले. काही न गाळता पाठव, अशी ताकीद दिली आहे. पाठवते. आता पुढचे तुझ्यावर.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
छोटी

●

दि. २३ ऑगस्ट, रविवार

चि. तपासनीसास काकाचे आशीर्वाद.

सात वर्षांचा असताना माझ्या बसमध्ये चढून लोकांची तिकिटं तपासायचास, आणि एकाचं फाटकं निघालं म्हणून त्याला उतरवायला निघाला होतास. तेव्हाच मी तुझ्या बापाला म्हटलं, हे पोर मोठं होऊन कुणाला सुखाने प्रवास करू द्यायचं नाही.

तू पुरावा मागितलास ते बरं झालं. दीड महिना ते पाकीट माझ्या डोक्यावर कपाटात होतं आणि मला कुणी दाखवत नव्हतं. तुझा बाप म्हणतो, सूज आहे. छोटी म्हणते, हवा बदलली की उतरेल. अरे, नुसती सूज असती तर तुझा बाप तेरा खोटी पत्रं लिहून इथं येऊन बसला असता का? तेहतीस वर्षं बस चालवली. उतारावर ब्रेक लागत नाही हे ड्रायव्हरला सगळ्यांच्या आधी कळतं. प्रवाशांनी आरडाओरडा करू नये म्हणून तो बोलत नाही, इतकंच.

ही तीन पानं मी पाहिली. डॉक्टरी भाषा मला कळत नाही, आणि या दोघांना विचारलं तर दोघं मिळून ती गोड करून सांगतील. म्हणून तुला विचारतो. माझ्यावर माया असलेली माणसं सगळी खोटं बोलतात. तू माझा राग करतोस. तू खरं सांगशील.

कागद नीट वाच. यात काय आहे ते मला सांग. किती वेळ आहे तेही लिहिलं असेल तर सांग. बाप तुझा रडेल, त्याला मी बघतो.

यायला पाहिजेच असं नाही. उत्तर मात्र पाहिजे.

काका

ता. क. तुझ्या बापाच्या हातची भाजी कुणाच्या वाट्याला येऊ नये. हेही कागदावर असू दे.

●

दि. २६ ऑगस्ट, बुधवार
हस्ते: स्वतः

ती. काकांस सा. न. वि. वि.

हे पत्र यंत्राने पाठवलेले नाही आणि टपालातही टाकलेले नाही. मी ते स्वतः घेऊन आलो आहे. जे लिहिले आहे ते तोंडाने सांगता आले असते तर लिहिले नसते. तुम्ही वाचत असाल तेव्हा मी समोर बसलेलो असेन. माझ्याकडे पाहू नका, कागदाकडे पाहा.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम. अहवालाची तीन पाने मी चार वेळा वाचली. शब्द अडले ते कोशात पाहिले, आणि मग आमच्या कार्यालयाच्या डॉक्टरांकडून, तुमचे नाव झाकून, पडताळून घेतले. हा कर्करोग आहे. स्वादुपिंडात सुरू झाला आणि यकृतात पोचला आहे. बरा होण्याचा उपाय या कागदात नाही. वेदना कमी करण्याचा आहे आणि तो चांगला आहे, असे डॉक्टर म्हणतात. किती वेळ आहे हे अहवालात लिहिलेले नाही. जुलैच्या सुरुवातीला डॉक्टरांनी बाबांना तीन-चार महिने, असे लिहून दाखवले होते. आज ऑगस्टची सव्वीस तारीख आहे.

पहिल्या पानावर तुमचे वय एकाहत्तरऐवजी सत्तर पडले आहे. तेवढी एकच चूक सापडली. माझी सगळी हयात कागदातल्या चुका शोधण्यात गेली, काका, पण चूक सापडावी म्हणून इतका आटापिटा मी कधी केला नव्हता. दुसरी सापडली नाही.

छोटीच्या पत्रावर मी शंका घेतली, बाबांच्या अक्षरावर घेतली, तुमच्या आजारावरही घेतली. त्या तिघांपैकी खोटे कोणीच नव्हते असे नाही. बाबा आणि छोटी खोटे बोललेच; पण त्यांनी ते नेमके माझ्याकडूनच शिकले. आईजवळ रोज संध्याकाळी बसून, तू पुढच्या महिन्यात घरी येशील, असे मी हसत हसत सांगत होतो. बाबांना तेरा पाने लिहावी लागली. मला तर कागदही लागला नाही.

तुम्ही रागावर भरवसा ठेवून मला विचारलेत. तो राग कालपर्यंत होता. "हा कर्करोग आहे" ही ओळ लिहायला मला पूर्ण दोन दिवस लागले, आणि ती लिहून झाल्यावर शोधला तर तो सापडेना. तुम्ही आईला हीच ओळ तोंडाने सांगितली होतीत. तुम्हाला ती सांगायला किती दिवस लागले असतील, हा विचार चौदा वर्षांत माझ्या मनात आला नव्हता.

बाबांना मी आत पाणी तापवायला पाठवले आहे. त्यांना वेळ लागेल. छोटी शनिवारी येते आहे.

वाचून झाले की कागद खाली ठेवा. घाई नाही, मी या वेळी रजा मोजून आणलेली नाही. मग सावकाश, जमेल तेव्हा, मला एवढे सांगा: आईने तुम्हाला काय विचारले, तुम्ही काय सांगितलेत, आणि ऐकून ती काय म्हणाली.

लोभ मागण्याचा माझा अधिकार उरलेला नाही. तरी मागतो.

आपला पुतण्या